सुयांवर विणलेली शाल ही शाल असते का?

चौथी सीट · १८ सप्टेंबर, रात्री ११.१०

एरवी मी इथे रोमातच असते, म्हणजे नुसती वाचते, पण आता घरातलं भांडण मिटवायला बाहेरची माणसं लागणार असं दिसतंय.

आमचे सासरे, अण्णा. ठाण्यातल्या एका शाळेत ३६ वर्षं गणित शिकवलं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. मुहूर्ताचा हिशोबही त्यांनीच केला. पौर्णिमा ते पौर्णिमा २९.५३ दिवस, गुणिले १०००, भागिले ३६५.२५. उत्तर आलं ८० वर्षं १० महिने. "एक्याऐंशी हे ढोबळमानाने म्हणतात," असं त्यांनी गुरुजींनाच समजावलं. गुरुजी हो हो म्हणाले.

आता सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ आलंच, आणि अण्णा तिथेच अडून बसलेत. आमच्या नौपाड्यातल्या घरात माळ्यावर एक ट्रंक आहे, तिच्यात सत्काराच्या २७ शाली आहेत. मी मोजल्यात. शाळेचा निरोप, माजी विद्यार्थ्यांचे मेळावे, गणेशोत्सव मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ. सगळ्या एकाच वळणाच्या. मरून नाहीतर राखाडी, काठाला चकचकीत जर, मानेला टोचणाऱ्या. एकीत अजून '१ नग' अशी चिठ्ठी आहे. अठ्ठाविसावी शाल अंगावर पडली तर मी हॉलमधून उठून तलावपाळीला फिरायला जाईन, असं अण्णांनी जाहीर केलंय. आणि ते जातील.

म्हणून मी म्हटलं, मी विणते. सुया धरायला मला सासूबाईंनी शिकवलं, माझ्या बाळंतपणात. त्यांनी टोपडी, कुंची, मोजे असा सगळा बाळंतविडा केला, त्यातला एक मोजा माझा. पुढे दोन मफलर आणि एक स्वेटर, जो नवऱ्याने आजवर घातलेला नाही. अनुभव एवढाच.

त्यावर अण्णा म्हणाले, "सुयांवर विणतात तो स्वेटर नाहीतर मफलर. शाल मागावर विणतात. सुयांवरच्या कापडाला शाल म्हणणं म्हणजे चौकोनाला वर्तुळ म्हणणं." वर ठाण्याचीच साक्ष काढली. इथे १९२५ पासून रेमंडची लोकरीची गिरणी होती, त्यांच्या जुन्या चाळीतली किती माणसं तिथे कामाला होती, आणि त्यातल्या एकाच्याही हातात त्यांनी कधी दोन सुया पाहिल्या नाहीत!

सासूबाईंचं म्हणणं, "ऊब आली म्हणजे झालं. नाव काय ते बारशाला ठरवू."

तर सांगा. शाल मुळात मागावरचीच का? मग सुयांवर ती कधी आली? मला त्यांना पुराव्यानिशी गप्प करायचंय. दुसरं म्हणजे, माझ्या डोक्यात एक खूळ आहे. शालीत बरोबर हजार जाळ्या घालायच्या, एका पौर्णिमेची एक. रंग साय रंगाचा. मी ठाण्याहून बेलापूरला नोकरीला जाते. जाताना गाडी ठाण्यालाच सुटते म्हणून बसायला मिळतं, पाऊण तास. येताना चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकावर कडेला टेकायचं, तेही नशिबात असेल तर. एवढ्या वेळात हे होईल का? की क्रोशाने लवकर होईल? मला क्रोशा साखळीपलीकडे येत नाही.

---

टवाळ · १८ सप्टेंबर, रात्री ११.३२

ठाण्यात शाल? अण्णांना पंखा विणून द्या.

---

चौथी सीट · १८ सप्टेंबर, रात्री ११.४०

@टवाळ, अण्णा पहाटे पाचला तलावपाळीला तीन फेऱ्या मारतात आणि महिन्यातून दोन नाटकं बघतात. डिसेंबरातली पहाट आणि नाट्यगृहातला एसी, दोन्हीला शाल लागते. तुम्ही उठता कधी?

---

भिजत घोंगडं · १९ सप्टेंबर, सकाळी ७.१५

अण्णांना साष्टांग. ते निम्मे बरोबर आहेत, पण गणिताचे मास्तर निम्म्या मार्कांवर समाधान मानत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो. मी पनवेलला असतो, मूळ माणदेशातला.

घोळाचं मूळ आपल्या भाषेत आहे. माग असो, दोन सुया असोत, क्रोशा असो, बांबूची टोपली असो की खाट, मराठीत सगळ्याला एकच क्रियापद, विणणे. रचना मात्र वेगळी. मागावर उभे धागे आधी ताणून बसवलेले असतात आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून जातो. सुयांवर एकच धागा, त्याचाच फासात फास. म्हणून मागावरच्या कापडाच्या कडेचे दोरे निघतात, पण सुयांवरच्या स्वेटरचं टोक सापडलं की अख्ख्या स्वेटरचा पुन्हा गुंडा होतो.

शाल हा शब्द फारसीतून आला आणि काश्मिरी शाल मागावरचीच. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या बकऱ्यांना थंडीत लांब केसांखाली मऊ लव येते, ती पश्मिना. वसंतात ती विंचरून काढतात. तंतूची जाडी १२ ते १६ मायक्रॉन. त्यातली कानी शाल म्हणजे कमाल आहे. तिच्यात नक्षीचा आडवा धागा या कडेपासून त्या कडेपर्यंत जातच नाही. प्रत्येक रंगाला स्वतंत्र लाकडी काडी, ती म्हणजे कानी, आणि ती आपल्या रंगापुरती जागा फिरून परत येते. नक्षी कागदावर खुणांच्या भाषेत लिहितात, तिला तालीम म्हणतात. एकाने वाचायची, विणकरांनी ऐकून काड्या फिरवायच्या. तुमच्या 'दोन सुलट, धागा पुढे, दोन एकत्र'ची थोरली बहीणच ती.

आईन-इ-अकबरीत अबुल फझलने शालींबद्दल लिहून ठेवलंय. पूर्वी लोक शालीच्या चार घड्या करून वापरत, आता उलगडून नुसती खांद्यावर टाकतात, आणि बादशहांनी ती दुहेरी पांघरायला सुरुवात केली आहे, ती फार छान दिसते. अकबराने शालीचं नावही बदलून 'परमनर्म' केलं होतं. ते टिकलं नाही, टिकली ती दुहेरी शाल. दोशाला, म्हणजेच आपली शालजोडी. पेशवाईत ती मानाचा आहेर. आणि मराठी माणसाने त्यातून भाषेत काय ठेवलं? शालजोडीतले मारणं! तुमच्या अण्णांना ते चांगलं जमतं असं दिसतंय.

पुढे नेपोलियनच्या इजिप्त मोहिमेतून (१७९८ ते १८०१) फ्रेंच अधिकाऱ्यांनी या शाली घरी नेल्या, त्याच्या बायकोने, जोसेफिनने, ढिगाने जमवल्या, आणि युरोपातल्या बाया वेड्या झाल्या. अस्सल शाल परवडेना, तेव्हा स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावच्या मागांवर नक्कल निघू लागली. नक्षी आपोआप विणणारा जकार्डचा माग आल्यावर तर पूरच आला. आपली पैठणीवरची कोयरी जगभर 'पेस्ली' म्हणून ओळखली जाते ती त्यामुळे. १८७०च्या आसपास हवा फिरली. बायकांच्या झग्यांचा फुगारा मागे गेला, त्यावर शाल नीट बसेना. त्याच सुमाराला फ्रान्स-प्रशिया युद्धात पॅरिसची गिऱ्हाइकी बसली आणि इकडे काश्मिरातले विणकर उपाशी राहिले. त्याआधीही त्यांचं बरं चाललं होतं असं नाही. शालींवरच्या करापायी १८६५ साली श्रीनगरच्या विणकरांनी मोर्चा काढला होता, त्यात माणसं मेली. ट्रंकेतल्या शालीला जर लावतात तेव्हा ही हकिगत कोणी लावत नाही.

आमच्याकडची घोंगडीही मागावरचीच. सणगर विणतात, चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी असताना ती पुठ्ठ्यासारखी उभी राहते. तेव्हा शाल मागावर जन्मली, हे अण्णांचे निम्मे मार्क. उरलेले निम्मे सुयांवाल्या बायकांनी मिळवावेत.

जाता जाता. त्या २७ शाली खरंच लोकरीच्या आहेत का बघा. काठाचा एक दोरा काढून चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख चुरगळली तर लोकर. वितळून टणक मणी झाला तर प्लॅस्टिक. हे बेसिनजवळ करा.

---

उलटसुलट · १९ सप्टेंबर, दुपारी २.०५

नेरुळहून. चाळीस वर्षं सुया हातात आहेत, तर उरलेले निम्मे मार्क माझ्याकडून घ्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रात शेटलंड बेटं आहेत. झाडं जवळजवळ नाहीत, वारा आणि मेंढ्या भरपूर. तिथल्या बायका रोज अंगाभोवती गुंडाळायला जाडसर 'हॅप' विणायच्या, आणि १८३०-४०च्या सुमारापासून जाळीदार शाली विणायला लागल्या. अगदी उत्तरेच्या अन्स्ट बेटावर सूत इतकं बारीक कातायच्या, की चांगली सहा फूट चौरस शाल बोटातल्या अंगठीतून आरपार काढता यायची. त्यासाठीची लोकर कातरत नसत, मेंढीच्या मानेजवळची हाताने उपटून घेत. शाल झाली की धुऊन लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. हे ताणणं लक्षात ठेवा, तुम्हालाही करायचंय.

राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचं विणकाम आवडायचं हे सगळे सांगतात. विणणारीला काय मिळायचं ते कोणी सांगत नाही. व्यापारी बहुतेकदा रोख पैसे देतच नसे. शालीच्या बदल्यात चहा नाहीतर कापड. म्हणजे शाल विणून चहा प्यायचा आणि दुसरी शाल विणायला बसायचं. १८७२ साली याची सरकारी चौकशी झाली तेव्हा बायकांनी साक्षी दिल्या, म्हणून आज कळतं तरी.

दुसरं ठिकाण रशियातलं ओरेनबर्ग, उरल नदीच्या काठी. तिथे बकरीची लव, म्हणजे पश्मिन्याची मावसबहीणच, पण काम सुयांवर. तीही शाल अंगठीतून जाते. फ्रेंचांनी त्या बकऱ्या आपल्या देशात नेऊन पाळून पाहिल्या. कडाक्याची थंडी नाही म्हटल्यावर काही वर्षांतच लव जाडीभरडी झाली. ठाण्यात आणली असती तर तिसऱ्या दिवशी बकरीने एसी मागितला असता.

अण्णांना खरं गप्प करायचं असेल तर उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची शाल दाखवा. ती विणतानाच खांद्यापाशी टाके कमी करत जातात आणि पाठीला मधोमध एक पट्टी सोडतात. त्यामुळे पिन न लावता ती खांद्यावर बसून राहते आणि दोन्ही हात कामाला मोकळे. मागावर सरळ पट्टा निघतो, खांद्याचा आकार हवा असेल तर कात्री लागते. न कापता, न शिवता आकार सुयाच देतात. यावर अण्णा काय म्हणतात ते कळवा.

आता तुमचं काम.

शुद्ध अ‍ॅक्रिलिक घेऊ नका. ऑक्टोबरच्या उकाड्यात गाडीत बोटांना चिकटतं, आणि धुऊन ताणलं तरी पुन्हा मूळपदावर येतं, जाळ्या उघडत नाहीत. मऊ मेरिनो नाहीतर लोकर-कॉटन मिश्र, चार पदरी, ४०० ग्रॅम. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, लेबलवर नंबर असतो. साय रंगाच्या दोन लॉटमधला फरक दुकानात दिसत नाही, हॉलमधल्या दिव्याखाली दिसतो. माझ्या भाचीच्या लग्नातला अनुभव आहे, त्याबद्दल बोलत नाही.

सुई ८ नंबर, म्हणजे ४ मिमी. (आपल्याकडच्या नंबरांत आकडा लहान तशी सुई जाड. १० नंबर ३.२५ मिमी. परदेशी नमुना बघून नंबराने सुई घेतली तर फसाल, मिमी बघा.) आणि लांब सरळ सुया नकोत, वायरने जोडलेली गोल सुई घ्या. सरळ सुयांचं टोक शेजारणीच्या बरगडीत जातं, आणि लेडीज डब्यात ते सहन केलं जात नाही.

हजार जाळ्यांचा हिशोब मी करून ठेवलाय, अण्णांना तपासायला द्या. इंचाला पाच टाके येतात असं धरू. दर सात टाक्यांत एक जाळी, एका ओळीत २०, त्याला १४० टाके. सुलट-उलट विणीच्या कडा गुंडाळतात, म्हणून दोन्ही बाजूंना ८-८ टाके दोन्हीकडून सुलटच. एकूण १५६ टाके, रुंदी ३१ इंच. दर आठव्या ओळीत जाळीची ओळ, अशा ५० ओळी. २० गुणिले ५०, हजार. ४०० ओळी झाल्या. दोन्ही टोकांना १६-१६ ओळी नुसत्या सुलट, म्हणजे ४३२. इंचाला सहा ओळी धरल्या तर लांबी ७२ इंच. सगळे मिळून ६७,३९२ टाके. मिनिटाला २५ टाके पडत असतील तर पाऊण तासात सात ओळी. रोज जाता-येता दोन्ही वेळ बसायला मिळालं तर ३१ दिवस. ते मिळत नाही हे तुम्हीच म्हणालात, तर दुप्पट धरा.

आधी चार इंचाचा नमुना विणून, धुऊन, मग मोजा. मोजल्याशिवाय १५६ घालू नका. आणि दर ५० ओळींनी वेगळ्या रंगाचा शिलाईचा दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं.

---

मुका खांब · १९ सप्टेंबर, रात्री ९.५०

सगळी सुयांची मंडळी जमलीत, म्हणून क्रोशाच्या वतीने चार शब्द. कोपरखैरण्याहून.

क्रोशाला आपल्याकडे रुखवतात बसवून ठेवलंय. तोरण, ताटावरचा रुमाल, टीव्हीवरचा रुमाल (टीव्ही भिंतीवर गेला आणि रुमाल बेघर झाला). पण आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्याचं पीक सडून दुष्काळ पडला तेव्हा जोगिणींनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि त्यावर कितीतरी घरांत चूल पेटली. इकडे आंध्रात गोदावरीकाठच्या नरसापूरला मिशनऱ्यांनी शिकवलेली क्रोशाची लेस आजही घराघरांत बायका करतात, २०२४ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. आणि बाजारात जे खरं क्रोशाचं काम मिळतं ते कोणीतरी हातानेच केलेलं असतं. सुयांच्या विणकामाचं यंत्र १५८९ साली निघालं, क्रोशाचं अजून दुकानात आलेलं नाही.

अण्णांसाठी खास. राणी व्हिक्टोरियाने १९०० साली बोअर युद्धातल्या सैनिकांसाठी स्वतःच्या हाताने क्रोशाचे खाकी स्कार्फ विणले. आठ. त्या वर्षी ती ८१ची झाली. म्हणजे सहस्रचंद्रदर्शनाच्या वयात लोक सत्कार घेत नव्हते, करत होते.

तरीपण खरं सांगते, तुम्ही या वेळी सुयाच घ्या. साखळीवरून खांब, मुका खांब, अर्धा खांब शिकून अडीच महिन्यांत शाल, हे जमेल. पण क्रोशाला त्याच मापाला सव्वा-दीडपट लोकर लागते आणि कापड जाड पडतं. खांद्यावरून पाण्यासारखं उतरायला हवं असेल तर बारीक सूत आणि मोठी सुई घ्यावी लागते, नवख्याच्या हातून ते सैल-घट्ट होतं. पुढच्या खेपेला या माझ्याकडे.

---

चौथी सीट · २१ सप्टेंबर, रात्री १०.२०

मंडळी, तुम्ही काय लोक आहात!

फेरोची शाल मोबाईलवर दाखवली. अण्णा चष्मा वर करून पाच मिनिटं बघत होते. मग म्हणाले, "ही शाल नाही, ही बाही नसलेली बंडी आहे." म्हणजे शाल ती, जिला आकार नसतो. "मग मी विणते तिला आकार नाही, सरळ पट्टा आहे, ती शाल झाली की," म्हटलं. त्यावर ते पाणी प्यायला उठले. हे मी विजय म्हणून धरलंय.

हिशोब त्यांनी तपासला. ६७,३९२ बरोबर. शेजारी लाल पेनने टिकमार्क केली आणि 'एकक लिहिलेले नाही' असा शेरा मारला.

जळण्याची परीक्षा रविवारी दुपारी केली, मी, सासूबाई आणि चिमटा. २६ शालींचा मणी झाला. एकच केसासारखी जळली, सगळ्यात तळाची, तपकिरी, बिनजरीची. आणि गंमत म्हणजे कसरही फक्त तिलाच लागलेली, दोन भोकं. सासूबाई म्हणाल्या, "किड्यांना कळतं, माणसांना जाळून बघावं लागतं." ती बाहेर काढून उन्हात टाकलीय. रफू कोण करतं ठाण्यात, कोणाला माहीत असेल तर सांगा.

लोकर घेतली. मेरिनो मिश्र, एकाच लॉटचे आठ गुंडे.

---

चौथी सीट · ३ नोव्हेंबर, रात्री ११.५५

ओळ १९२. यायला हवं होतं २५०ला.

दसरा-दिवाळी आली, मध्ये घरी सगळे तापाने आडवे. पण मुख्य उशीर डब्यामुळे. दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडी सुटली आणि मी पिशवीतून सुया काढल्या की ऐरोलीपर्यंत तरी विणणं होतच नाही. रबाळ्याला उतरणारी एक बाई आहे, तिने पहिल्याच दिवशी माझा धागा धरायचा हात चुकीचा ठरवला. तिच्या आईने तिला डाव्या बोटावर धागा घेऊन शिकवलं म्हणे, सुई नुसती टोचायची की फास आला. मला सासूबाईंनी उजव्या हाताने धागा टाकायला शिकवलाय. सात दिवस वाद चालला. आठव्या दिवशी तिने माझ्या हातून घेऊन अर्धी ओळ विणून दाखवली. ती अर्धी ओळ बाकीपेक्षा घट्ट आहे आणि मला ती शालीत कुठे आहे ते डोळे मिटून सांगता येतं. उसवली नाही. राहू दे म्हटलं.

घणसोलीला उतरणारी एक मुलगी आता रोज जाळ्या मोजून देते. तिला वाटत होतं मी मच्छरदाणी करतेय.

एक रडकथा. परवा ओळ १७०च्या आसपास मोजलं तर १५६ ऐवजी १५५ टाके. शिलाईचा दोरा १५०व्या ओळीला आहे, म्हणजे वीस ओळी उसवायच्या. तुर्भ्याला उभ्याने येत होते, पाय दुखत होते, घरी जाऊन कुकर लावायचा होता. मी कडेच्या आठ टाक्यांत गुपचूप एक टाका वाढवला आणि पुढे गेले. @उलटसुलट, रागावू नका.

---

उलटसुलट · ४ नोव्हेंबर, सकाळी ६.३०

रागावत नाही, पण तो टाका कुठून गेला ते बघितलंत का? सुटून खाली उतरला असेल तर कधीतरी धावत सुटेल. क्रोशाची सुई घेऊन खालून एकेक फास वर चढवता येतो (मुका खांब ताई, एवढा मान तुमच्या सुईला). आणि 'दोन एकत्र' केलं पण आधी धागा पुढे घ्यायला विसरलात असं असेल, तर टाका सुटलेला नाही, जाळीच पडलेली नाही. मग धोका काही नाही. फक्त जाळी एक कमी.

---

टवाळ · ४ नोव्हेंबर, सकाळी ९.१२

गणिताच्या मास्तरांना एक कमी. तुमचं काही खरं नाही.

---

चौथी सीट · १० डिसेंबर, रात्री १०.४०

झालं.

शेवटचे टाके गुरुवारी रात्री दीडला बंद केले. शुक्रवारी कोमट पाण्यात भिजवली, टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढलं, पिळली नाही. मग मुलाच्या गादीवर टाचण्यांनी ताणून लावली. तो दिवाणावर झोपला. भिजवण्यापूर्वी ते नुसतं गोळामोळा फडकं दिसत होतं, खरंच सांगते, रडू येत होतं. ताणल्यावर जाळ्या उघडल्या. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगोबाई, ही तर शालच झाली."

रविवारी गुरुजींनी अण्णांच्या खांद्यावर घातली. अण्णा उठून तलावपाळीला गेले नाहीत. नातेवाइकांनी न सांगता आणखी तीन शाली आणल्याच, त्या परस्पर आत गेल्या. मणीवाल्याच असणार, अजून जाळून बघितल्या नाहीत.

सोमवारी मी कामावरून आले तर डायनिंग टेबलावर शाल पसरलेली, शेजारी पट्टी, पेन्सिल आणि पाठकोरा कागद. कागदावर १ ते ५० आकडे, प्रत्येकापुढे २०. फक्त २०पुढे १९, आणि त्याला लाल गोल.

"नऊशे नव्व्याण्णव," म्हणाले.

मी सगळं सांगितलं. तुर्भे, कुकर, कडेला चोरून वाढवलेला टाका, सगळं. त्यांनी तो कडेचा टाकाही शोधला, बोट लावून दाखवला. मग बराच वेळ कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी मांडत बसले. मला वाटलं आता मार्क कापणार. तर म्हणाले, विसावी पौर्णिमा म्हणजे ते दीड-पावणेदोन वर्षांचे असतानाची. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमाराची निघते. "ठाण्यात पावसाळ्यात कुठला आलाय चंद्र. ढगातच असणार. बरोबर आहे तुझं."

नाव अजून ठरलेलं नाही. पाहुण्यांपुढे ते तिला 'सुनेने केलेलं ते पांघरूण' म्हणतात. आज पहाटे मात्र दाराशी चपला घालताना मी ऐकलं, सासूबाईंना विचारत होते, "माझी शाल कुठे ठेवलीस?"

रफूवाल्याचं अजून कोणी सांगितलं नाही. त्या तपकिरीला दोन भोकं आहेत.

---

मुका खांब · १० डिसेंबर, रात्री ११.०२

भोकांचा फोटो टाका. रुपयाएवढी असतील तर मी करून देते.